निर्धार मेळाव्यातला भंडारा

मेळाव्याला जायचं म्हंजे काय, ते मला इचारा. तीस वरसं जातेय मी. कंच्या पक्षाचा ते इचारू नका, सगळ्यांच्याच जाते. दारात पिकप येती, गेनभाऊ हाळी देतो, आमी बाया पदर खोचून मागं उभ्या ऱ्हातो. सभा म्हंजे एकानं बोलायचं नि आमी ऐकायचं. मेळावा म्हंजे धा जनांनी बोलायचं नि आमी ऐकायचं. आन बैठक म्हंजे दार लावून आतमदी बोलायचं, आमी भायेर च्या करायचा. खरं काय ते त्या बैठकीत ठरतं, बाकी सगळं टाळ्यांसाठी. हे मला कुनी शिकिवलं न्हाई, च्या करता करताच कळलं.

औंदा झेडपीच्या विलेक्शनीला गेनभाऊनं नवीनच नाव आनलं, निर्धार मेळावा. गेनभाऊ आमच्याच वाडीचा. मानूस वाईट न्हाई, पन ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असलं त्याचं. मी इचारलं, बाबा, निर्धार म्हंजे काय रं? तर म्हनला, काकी, एकदम ठाम ठरवायचं. मी म्हनलं, कुनी ठरवायचं? त्यो म्हनला, तुमीच की, मत कुनाला द्यायचं ते.

मी म्हनलं, येते.

मला एकच गोष्ट ठरवून घ्यायची व्हती. आमची वाडी मढ गावाच्या वरल्या अंगाला, आन वाडी नि रस्ता यांच्या मधी वढा. उन्हाळ्यात शेळ्या बी चालत जात्यात. आखाडात मातूर त्यो कुनाच्या बापाचा ऱ्हात न्हाई. त्याच्यावर साकव पायजे, मानूस चालंल येवढा पूल. दोनदा नारळ फुटला तिथं, दोन्ही टायमाला खोबरं आमी खाल्लं, साकव काय झाला न्हाई.

गेल्या आखाडात शेजारच्या भागूची सून अडली. वढ्याला पानी, पलीकडं गाडी उभी, अलीकडं ती पोर दगडावर बसून कन्हत व्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं. ती वाचली, पोर वाचलं न्हाई. आन औंदा माझी सून नूतन पोटुशी. दिवस मोजले तर बाळंतपन नेमकं आखाडात. मला झोप लागंना झालती. भ्या वाटत व्हतं, आन भ्या वाटतंय याचा राग बी येत व्हता.

मेळावा मढलाच व्हता, दुपारचा. मांडव झ्याक, खुर्च्या लाल. उमेदवार रामनाथभाऊ स्टेजवर मधी बसलेलं. भाषनं झाली. समद्यांनी तेच सांगितलं, निर्धार करा, निर्धार करा. साकव बी आला भाषनात. रामनाथभाऊ म्हनलं, वरच्या वाडीचा साकव मंजूर झाल्यातच जमा समजा. माझ्या आजूबाजूच्या बायांनी टाळ्या पिटल्या. सवय, दुसरं काय.

आन तिथंच गेनभाऊनं घोळ घातला. लई हौस ना त्याला. पिशवीतनं ताट काढलं, त्यात बेलाची पानं नि खंडेरायाचा भंडारा. माईकवर म्हनला, आता माता-भगिनींनी एकेकीनं यावं, भंडारा उचलून रामनाथभाऊंना मत द्यायचा निर्धार करावा.

येक बाई जागची उठली न्हाई. टाळी वाजवनं येगळं, भंडारा उचलनं येगळं. आमच्यात भंडारा उचलून शब्द फिरवला तर खंडेराया घर धरतो, ही पक्की समजूत. माझ्या सासऱ्यांनी बांधाच्या भांडनात भंडारा उचलला न्हाई, बांध सोडला. शंका व्हती म्हनून. असली ही चीज, आन ह्यो बहाद्दर ती मांडवात घिऊन आला.

माझं टाळकं फिरलं. उठले, ताट गेनभाऊच्या हातातनं घेतलं नि स्टेजच्या पायऱ्या चढले. कुनी अडवलं न्हाई, त्यास्नी वाटलं म्हातारी पयली उचलतीय. एकानं फोटोला मोबाईल बी धरला. मी ताट रामनाथभाऊंच्या म्होरं धरलं.

"आधी तुमी उचला," मी म्हनलं. "आखाडाच्या आत वढ्यावर साकव व्हईल, येवढंच म्हना. मंग मी एकली न्हाई, आख्खी वाडी उचलंल."

रामनाथभाऊ हसलं. मंग ताटाकडं बघितलं नि हसू गेलं. त्यांच्या घरची दरसाल जेजुरी चुकत न्हाई, मला म्हाईत व्हतं. त्यांचा हात अर्ध्यापोतर आला, तिथंच थांबला, आन मागं गेला.

"मावशी, यात देवाला कशाला आणता?"

"म्या न्हाई आनला. तुमच्या मानसानं आनला."

रामनाथभाऊ वाकलं, हळूच म्हनलं, "साकव यंदाच्या यादीत नाही, मावशी. पुढच्या वर्षी बघू."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला न्हाई. पयल्यांदा खरं बोललं बिचारं, देवाच्या भ्यानं का व्हईना. राग आला त्यो माझाच. तीस वरसं टाळ्या पिटल्या या हातांनी. दोन टाळ्यांच्या मधी येकदा जरी असं ताट धरलं असतं, तर भागूची सून त्या दगडावर बसली नसती.

मी बायांकडं तोंड केलं. माईक नको व्हता मला, रानात हाळी देनारी बाई मी. म्हनलं, साकव यादीत न्हाई. आपल्या आजे-पंज्यांनी पडकई करून, येकमेकांच्या रानात राबून, डोंगर फोडून भाताची खाचरं केली, ती कुनाच्या यादीत व्हती? घरटी येक मानूस, सकाळच्याला वढ्यावर. आन मी भंडारा उचलला. आखाडाच्या आत साकव उभा करीन, न्हाई तर माझं घर खंडेरायाचं.

नूतन खालनं उठली, पोटावर पदर धरून वर आली, नि माझ्यामागं तिनं उचलला. मंग भागूची सून आली. ती आल्यावर कुनी मागं ऱ्हायलं न्हाई.

दुसऱ्या दिशी वढ्यावर आमी अकरा बाया नि म्हातारा भागू. गडी लांबनं बघत व्हते, चार दिसांनी लाजंकाजं आले. आमच्या गड्यांना दगड बसवायला शिकवावं लागत न्हाई, खाचराचे बांध घालून हात तयार. दोन्ही काठांना दगडी पाये रचले. त्यावर इजेचं दोन जुनं लोखंडी खांब टाकलं. ते कुनाचे ते इचारू नका, आठ वरसं गवतात पडून व्हते.

आठव्या दिशी गेनभाऊ आला. मान खाली, हातात मोबाईल. पक्षानं त्याला लई बोल लावलं व्हतं. म्हनला, काकी, फोटो काढतो, गुरपवर टाकतो, पन याला नाव काय देऊ? मेळावा म्हनू का श्रमदान शिबिर?

"नाव ऱ्हाऊ दे," मी म्हनलं. "त्यो दगड दे इकडं."

त्यानं मोबाईल खिशात घातला नि दगड उचलला. मंग खांबांवर फळ्या ठोकून साकव पुरा व्हईस्तोवर रोज आला.

निवडून कोन आलं, ते तुमी पेपरात बघा. आखाडात, रातभरचा पाऊस उघडल्यावर, पहाटंच्या पारी नूतनला कळा लागल्या. वढा तांबडा, गुडघ्याच्या वर पानी. पलीकडं गाडी उभी व्हती. मी तिच्या हाताला धरलं व्हतं. मधी येकदा ती थांबली, खाली बघितलं, माझा हात घट्ट आवळला नि पुन्हा चालाय लागली. गाडीत बसवताना मी तिच्या पायांना हात लावून बघितला. गुडघ्यापोतर कोरडे व्हते.