सोलची थोरली सून

"तुम्ही थोरल्या सूनबाई ना? टीव्हीवरच्या?"

नवऱ्याचा कोट काउंटरवर ठेवता ठेवता त्या कोरियन बाईनं विचारलं. हान मिराननं मान वर न करता कोटाचे खिसे तपासले, पावती फाडली आणि म्हणाली, "नाही हो. चेहरा थोडा तसा आहे, सगळेच म्हणतात. गुरुवारी या."

बाई गेली. मिरान मात्र जागच्या जागी चुळबुळत राहिली. शिलाई मशीनवर बसली, उठली, हँगर सरळ केले, पुन्हा बसली. अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या मेहुण्याच्या त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिला पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षं ती हेच खोटं बोलत होती.

खरं म्हणजे सोलमध्ये एके काळी तिला रस्त्यावरून चालणं मुश्कील व्हायचं. एकविसाव्या वर्षी ती टीव्ही केंद्राच्या परीक्षेत निवडली गेली. चार वर्षं तिला मालिकांत नुसते चहाचे ट्रे आत नेऊन ठेवायची कामं मिळाली. मग एका कौटुंबिक मालिकेत थोरल्या सुनेचं काम मिळालं आणि ते सहा वर्षं चाललं. बाजारात म्हाताऱ्या बाया तिचा हात धरून सांगायच्या, "पोरी, सासूला एकदा तरी उलट बोल गं!" तीन चित्रपटही झाले. ऐंशी सालच्या शेवटी सरकारचा हुकूम आला आणि केंद्र बंद पडलं. शेवटच्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात तिला दोन ओळी लिहून दिल्या होत्या. त्या म्हणून झाल्यावर तिच्या तोंडून तिसरी निघून गेली : "रोज तुमच्या घरी येत होते, आता मी कुणाकडे जाऊ?"

एवढंच. पण ते सरकारात कुणाला तरी खुपलं आणि तिचं नाव काळ्या यादीत गेलं. पुढची दोन वर्षं एकाही दिग्दर्शकानं तिचा फोन उचलला नाही. शेवटी थोरली बहीण मिसुक हिनं तिला अमेरिकेत बोलावून घेतलं.

इथे आल्यावर एकदा ती न्यूयॉर्कला ऑडिशनला गेली होती. काम किराणा दुकानदारणीचं, वाक्यं तीन. "जरा मोडकं इंग्रजी बोला," असं तिथला माणूस म्हणाला. तिचं इंग्रजी मोडकंच होतं. पण त्याला हवं तसं मोडलेलं नव्हतं. परतीच्या ट्रेनमध्ये ती पेन स्टेशनपासून उतरेपर्यंत उभी राहून आली, अर्धी ट्रेन रिकामी असताना. त्यानंतर तिनं अभिनयाचं नावच टाकलं. कोरियन दुकानात मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळत, त्या फळीकडेही ती बघत नसे.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तिचे जुने दिग्दर्शक ओ यांचं पत्र आलं. "देशात वारं बदललंय. त्या याद्या आता कुणी बघत नाही. वसंतात नवी मालिका करतोय, नायिकेच्या आईचं काम आहे. येतेस?" मिराननं ते पत्र चार वेळा वाचलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि उत्तर दिलं नाही. तेव्हापासून तिचं कशात म्हणून चित्त लागेना. इस्त्रीच्या वाफेनं हात दोनदा भाजला.

त्याच आठवड्यात पद्मजा दुकानात आली. ती नागपूरची, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला. तिच्या पँटा आखूड करायचं काम मिरानकडेच असे. आज तिनं काउंटरवर हिरव्या कापडाचा ढीग टाकला.

"आमच्या मंडळाचं नाटक आहे गणपतीत. ही नऊ वारांची साडी. नेसायला अर्धा तास लागतो आणि आमच्या हिरॉइनला मध्ये मिळतात दोन मिनिटं. शिवून देता येईल? पँटसारखी चढवायची, बस!"

"बटणं नकोत," मिरान पटकन म्हणाली. "घाईत बोटं थरथरतात. हूक लावू. आणि अंधारात हाताला कळायला हवं पुढचं कुठलं, मागचं कुठलं."

पद्मजा तिच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं गं माहीत?"

"शिवणकाम करते ना," मिरान म्हणाली.

साडी अंगावर बघितल्याशिवाय शिवता येणार नव्हती. म्हणून रविवारी दुपारी पद्मजा तिला आपल्या गाडीतून तालमीला घेऊन गेली. चर्चच्या तळघरातला हॉल, घडीच्या खुर्च्या, थर्मासातला चहा. नायिकेचं काम करणारी संघमित्रा फार्मसीची विद्यार्थिनी होती. मिराननं तिची मापं घेतली, तोंडात टाचण्या धरून निऱ्या लावल्या आणि कोपऱ्यात बसून घेतलं. म्हणजे, बसायचा प्रयत्न केला. तालीम सुरू झाल्यावर तिचा पाय थांबेना.

प्रसंग तिला पद्मजानं कानात सांगितला. बारा वर्षांपूर्वी परागंदा झालेला नवरा दारात उभा राहतो. बायको तांदूळ निवडतेय. ती म्हणते, "आलात?"

संघमित्रा ताट टाकून किंचाळली, "आलात?" आणि हुंदके द्यायला लागली.

"अजून! अजून इमोशन हवं यार!" दिग्दर्शक चारुदत्त ओरडला. एरवी तो टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होता. "बारा वर्षं! विचार कर!"

पाचव्या वेळी संघमित्राचा घसा बसला. सहाव्या वेळी ती खरंच रडकुंडीला आली, पण चारुदत्तवर चिडून. आणि मिरान कधी उठली, कधी मधोमध येऊन उभी राहिली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली. "पण ती त्याच्याकडे बघणारच नाही."

"म्हणजे?" चारुदत्त वैतागला होता.

"बघितलं तर तो आलाय हे खरं होईल. आणि खरं झालं की बारा वर्षांचा राग येईल. ती आधी हातातलं काम संपवेल."

कुणी काही बोलायच्या आत ती जमिनीवर बसली, रिकामं ताट मांडीवर घेतलं. "तो शब्द सांग," ती संघमित्राला म्हणाली. तिनं दोनतीनदा सांगितला. मिराननं तो पुटपुटून घोटला.

मग तिनं ताटात नसलेले तांदूळ निवडायला घेतले. एक खडा काढला, बाजूला ठेवला. दारात पाऊल वाजलं, तेव्हा तिची बोटं थांबली नाहीत, फक्त मंदावली. आणखी एक खडा. पदर नसलेल्या खांद्यावर तिनं पदर सारखा केला. आणि ताटातच बघत, शेजारीण साखर मागायला यावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "आलात?"

उच्चार जरा तिरपाच होता. पण हॉलमध्ये चहाचा कप खाली ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही. मागे खुर्च्या लावत असलेले मंडळातले त्र्यंबककाका डोळे पुसत होते.

"तुम्ही... तुम्ही कोण आहात?" चारुदत्तनं विचारलं.

मिरान उठली, गुडघे झटकले. नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं.

"मी नटी आहे," ती म्हणाली. "सोलमध्ये होते. दहा अकरा वर्षं काम केलंय."

मग तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पद्मजानं दंडाला चिमटा काढून म्हटलं, "आणि माझ्या पँटा शिवत बसलीस?" त्यानंतर नाटकापर्यंतचे तिन्ही रविवार ती तालमीला गेली. संघमित्राला तिनं ओरडायचं कसं नाही, तेवढंच शिकवलं.

आपण सोलला परत जाणार हे घरी बहिणीला सांगणं जड गेलं. मिसुक कोबी चिरत होती, ऐकून सुरी खाली ठेवली.

"आईचं काम? एकोणचाळिसाव्या वर्षी? ती नायिका पंचविशीची असेल!"

"सव्वीस."

"लोक म्हणतील, थोरली सून म्हातारी झाली. तू इथं आलीस तेव्हा कशी होतीस आठवतंय? सहा महिने जेवली नव्हतीस धड. पुन्हा तसं झालं तर मी कुठून आणू तुला?"

"ताई, इथं माझं काही दुखत नाही," मिरान हळूच म्हणाली. "पण मला एका जागी बसवत नाही गं. पाच वर्षं झाली, मी नीट बसलेलेच नाहीये."

मिसुक रागावली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच दिग्दर्शक ओ यांच्या पत्त्याचं पाकीट लिहून टेबलावर ठेवलं, कारण मिरानचं अक्षर लागत नाही अशी तिची जुनी तक्रार होती.

मिरान फेब्रुवारीत सोलला गेली. पहिल्याच दिवशी रंगभूषेच्या मुलीनं तिच्या केसांत पांढरा रंग भरला आणि विचारलं, "आजी, याआधी कधी काम केलंय का?" मिराननं आरशातून तिला सांगितलं, "थोडंसं." कॅमेऱ्यासमोर तर ती साफ विसरली, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, सगळंच. सेटवरची तरुण मंडळी घड्याळं बघायला लागली. चौथ्या वेळी ते जमलं.

"झालं," ओ म्हणाले. "छान होतं. पुढचा सीन."

लोक दिवे हलवायला लागले. मिरान हलली नाही.

"साहेब, छान नव्हतं," ती म्हणाली. "मुलीनं हाक मारल्यावर मी फार लवकर वळले. पुन्हा करू."

ओ यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि दिवे परत आणायला सांगितले.