मी विमान झाले तो रविवार

मित्रांनो, इंदिरानगरातल्या कडुलिंबाखाली उभी असलेली जुनी हातगाडी तुम्ही जाता-येता पाहिली असेल. ती मीच. माझ्या फळ्या उन्हानं तडकल्या आहेत, एक चाक तिरकं चालतं, आणि कुणी ओढलं की मी इतकी कुरकुरते की गल्लीतली कुत्री मान वर करून बघतात. पण मला बिचारी म्हणू नका. नाशकात हातगाड्या पुष्कळ आहेत. एका मुलीच्या वाढदिवसाला विमान झालेली मात्र मी एकटीच.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा भद्रकालीतल्या सावळीराम सुतारानं मला घडवलं. अंगाला बाभळीचं लाकूड, खाली सायकलची चार चाकं. दुष्काळात सिन्नरकडचं गाव सोडून आलेल्या भागीबाईंनी मला घरी नेलं आणि आधी माझ्या चाकांवर पाणी घातलं, मग स्वतः घोटभर प्यायल्या. तेव्हापासून द्वारकेच्या चौकात आम्ही दोघी केळी विकू लागलो. ट्रकांची धूळ, टांग्यांची गर्दी, हमालांची आरडाओरड यांतून भागीबाई मला अलगद काढत. कुणी वाट दिली नाही तर म्हणत, "सरका वो, माझी गाडी लोण्यावानी चालती, नंतर म्हनाल कळलं नाय!" दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. त्या दिवशी चौकातली कुठलीही मोटार मला माझ्यापुढे फिकी वाटे.

पुढे इंदिरानगरात नवी घरं उभी राहू लागली आणि दुपारी आम्ही तिकडे फेरी मारू लागलो. तिथंच आम्हाला मालनबाई भेटल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या. त्यांचे यजमान जयराम ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. घरात जयरामच्या आई सगुणाबाई होत्या, आणि यशोधरा नावाची एक चिमुरडी होती. तिला सगळे यशू म्हणत. यशूला भागीबाईंचं केळं लागायचंच. माझा आवाज ऐकला की ती फाटकाशी येऊन "गाली, गाली!" म्हणून नाचायची.

पण या यशूला एका गोष्टीची फार भीती होती. विमानाची! ओझरहून उडालेलं एखादं विमान गडगडत डोक्यावरून गेलं की ती काळीनिळी पडेपर्यंत रडायची. मग रात्री दचकून उठायची, जेवायची नाही. घरच्यांनी सगळं करून पाहिलं. सगुणाबाईंनी मीठमोहऱ्यासुद्धा ओवाळून टाकल्या. जयरामला मात्र हे फार लागायचं. एकदा माझ्या फळीला टेकून ते मालनबाईंना म्हणाले, "दिवसभर ज्याच्यासाठी राबतो, त्यालाच माझी पोर घाबरते. कामावरनं आलो की माझ्या कपड्यांना तेलाचा वास येतो, तर जवळसुद्धा येत नाही आता."

 मालनबाईंच्या मनात ते राहिलं असावं.

एका दुपारी आम्ही फाटकाशी उभ्या होतो आणि अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. विमान! मालनबाईंच्या हातून सुटून यशू पळाली. घरात नाही, आईच्या पदरातही नाही. ती थेट माझ्या खाली शिरली आणि तिनं माझा आस दोन्ही हातांनी घट्ट धरला. मित्रांनो, आजवर मी मणामणानं केळी वाहिली होती, पण त्या इवल्याशा हातांचा भार मला कधी विसरता आला नाही. भागीबाईंनी मला जराही हलू दिलं नाही. विमान गेलं. आणि नवल म्हणजे, यशू त्या दिवशी रडली नाही. माझ्या चाकांमधून डोकं बाहेर काढून तिनं केळं मागितलं.

मालनबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"भागीबाई," त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी यशूचा दुसरा वाढदिवस आहे. तुमची गाडी द्याल एक दिवस? मला तिचं विमान करायचंय."

"गाडीचं इमान?" भागीबाई हसतच सुटल्या.

"तिला गाडीजवळ भीती वाटत नाही. तीच गाडी विमान झाली तर?"

सगुणाबाई ओट्यावरून कडाडल्या, "अगं, वाढदिवसाला लेकरू हसवायचं का रडवायचं? खीर कर, चार पोरांना बोलाव, झालं!"

रविवार म्हणजे विक्रीचा मोठा दिवस. तरी भागीबाई म्हणाल्या, "पोरगी माझ्या गाडीखाली लपली, आता वर बी बसंल. न्या गाडी. पन मी बी येनार, सांगून ठेवते."

शनिवारी मी त्यांच्या अंगणात मुक्कामाला गेले. केवढी ती लगबग! मालनबाईंनी बालवाडीतल्या पोरांना घड्या घालून कागदी विमानं वाटली होती. हेच वाढदिवसाचं तिकीट, हे घेऊन आलात तरच आत सोडणार! घरात विमानाच्या आकाराचे शंकरपाळे तळून झाले होते. काही विमानं तेलात फुगून बेडूक झाली होती, पण चव चांगली असावी, कारण सगुणाबाई रागारागानं का होईना, येता-जाता एकेक तोंडात टाकत होत्या.

जयराम माझ्याभोवती फिरून मापं घेत होते. एक शेजारी म्हणाला, "कारखान्यातून एखादा पत्रा आणायचा की, खरंखुरं दिसेल."

"तिथला एक खिळा, एक रिव्हेटसुद्धा घरी येणार नाही," जयराम म्हणाले. "माझ्या पोरीचं विमान माझ्या घरच्या सामानाचं."

मग बांबूच्या कामट्या आल्या, साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे आले, चहाच्या पेट्यांतला चंदेरी कागद आला. द्राक्षांची रिकामी पेटी माझ्यावर बसवून वैमानिकाची जागा झाली. मालनबाईंनी माझ्या नाकावर मोठं भिरभिरं लावलं, तेव्हा जयराम म्हणाले, "अगं, आमच्या विमानांना पुढे पंखा नसतो."

"तुमच्या नसेल. माझ्या आहे," मालनबाई म्हणाल्या.

भिरभिरं राहिलं. संध्याकाळच्या उन्हात माझे पंख चकाकले, आणि मित्रांनो, खरं सांगते, मला स्वतःचाच हेवा वाटला.

रविवारी कागदी विमानं हातात घेऊन पोरं आली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. नवा फ्रॉक घातलेल्या यशूला मालनबाई अंगणात घेऊन आल्या. यशूनं मला पाहिलं. चंदेरी पंख, मोठी शेपटी, फिरणारं भिरभिरं. तिचे ओठ थरथरले आणि तिनं जो टाहो फोडला, तो अख्ख्या गल्लीनं ऐकला.

 "मी काय सांगत होते!" सगुणाबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज रडवेला होता. जयरामचा चेहरा उतरला. ते माझ्या पंखाची सुतळी सोडू लागले. "राहू दे मालन. काढून टाकतो."

मी मनातल्या मनात म्हणत होते, अगं यशू, मीच आहे! पण आम्हा वस्तूंना बोलता कुठं येतं?

भागीबाई पुढे आल्या आणि माझ्या चाकाजवळ मातीतच बसल्या. चाकावर थाप मारून त्यांनी रोजची आरोळी दिली, "केळी घ्या, गोड केळी!"

यशूचं रडणं थबकलं. तिनं वाकून खाली पाहिलं. वर सगळं अनोळखी होतं, पण खाली तीच चाकं, तोच आस. आईच्या कडेवरून उतरून ती दुडदुडत आली आणि माझ्या खाली शिरून बसली. मग जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. जयराम, अंगात धुवट पांढरा सदरा असताना, सरळ जमिनीवर पालथे पडले आणि सरपटत तिच्याजवळ आले. बापलेक माझ्या सावलीत तोंडासमोर तोंड आणून बसले.

"ही कुणाची गाडी?" त्यांनी हळूच विचारलं.

"भागीची."

"आणि हे वर काय लावलंय, माहितीये? पंख. पप्पांनी लावलेत. हात लावून बघ, चावत नाही."

यशूनं आधी बापाच्या हाताला हात लावला. मग खालूनच माझ्या पंखाला. चंदेरी कागद कुरकुरला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा कुरकुरला. आणि ती खुदकन हसली.

"वल," ती म्हणाली. वर!

मातीनं माखलेल्या सदऱ्यानिशी जयरामनी तिला पेटीत बसवलं. ते मला ढकलू लागले, एका बाजूला भागीबाई, मागे हातातली विमानं उंचावून धावणारी सगळी पोरं. भिरभिरं गरगर फिरत होतं. गल्लीभर लोक दारात येऊन उभे होते. "आनखी जोरात!" भागीबाई ओरडत होत्या. मी त्या दिवशी एकदाही कुरकुरले नाही.

दुसऱ्या दिवशी जयराम पंख काढायला आले, तर भागीबाईंनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या वो. लय शोभतात." आणि पंख लावूनच आम्ही केळी विकली!

त्याच आठवड्यात आम्ही फाटकाशी असताना पुन्हा विमान आलं. यशू आजीजवळ होती. तिनं माझी फळी गच्च पकडली, गुडघे खाली वाकले, आता ती खाली शिरणार असं वाटलं. पण तिनं मान वर केली. विमान गेलं त्या दिशेला बोट दाखवून ती ओरडली, "पप्पाचं इमान!"

संध्याकाळी आम्ही अजून गल्लीतच होतो. कारखान्याच्या बसमधून जयराम उतरले, तर सगुणाबाई कोपऱ्यापर्यंत धावत गेल्या आणि रस्त्यातच सगळं सांगू लागल्या.  घरातून वंगणाचा डबा आणून जयराम माझ्याजवळ बसले आणि चारही चाकांना मन लावून वंगण घातलं. मग क्षणभर माझ्या फळीवर डोकं टेकवून बसले. दसऱ्याच्या किती माळा मला मिळाल्या, पण असा मान पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पंख भिजून गळाले. काही वर्षांनी भागीबाईंचे गुडघे थकले, आणि मी या झाडाखाली आले. आता लोक माझ्यावर फुटकी मडकी आणि जुने टायर टाकतात. यशू दप्तर घेऊन रोज समोरून शाळेत जाते. तिला तो वाढदिवस आठवत नाही, फारच लहान होती ती. त्याचं मला वाईट वाटत नाही. भीतीच गेली, तर तिची आठवण कशाला राहायला हवी?

पण मित्रांनो, मला मोडीत काढण्याआधी एकदा ढकलून बघा. वंगणाचे दोन थेंब घाला. चाकं अजून फिरतात, फळ्या अजून भार सोसतात. तुमच्या घरात एखादं लहानगं असेल, त्याचा वाढदिवस जवळ आला असेल, तर मला घेऊन जा. आगगाडी करा, बोट करा, हत्ती करा. मला जमेल.