मला गंजवले कुणी?

मी एक जुनी पोलादी सुरी आहे. मित्रांनो, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून हिंडलग्याच्या लोहाराने मला घडवले, तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही. स्टीलच्या चमच्यांसारखे आमचे नसते. अंगावर थेंबभर पाणी राहिले की घात झालाच. म्हणून कोबीच्या रानात मी दवावर संशय घेते, ओल धरून ठेवणाऱ्या चामड्याच्या म्यानावर घेते आणि माणसांवर तर घेतेच.

माझे मालक भावकू आणि त्यांचा चुलत भाऊ गुंडू मिळून कोबी पिकवतात. काम संपले की मला कोरड्या फडक्याने पुसायचे, खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे आणि खोपीत म्यानाबाहेर टांगायचे, हा भावकूंचा शिरस्ता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र गुंडूने जेवताना माझ्या पात्याने लिंबू चिरले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी भावकूंच्या बायकोने, मालुबाईंनी, मला धुऊन पुसले, ओल्या कुंकवाची बोटे ओढली आणि झेंडूखाली ठेवले. पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो. काय तो मान! मी अगदी सुखावले.

दसरा झाल्यावर फुले उचलली, तर पात्यावर गंज!

"गुंड्या, लिंबू चिरून तसंच ठेवलास व्हय रं?" भावकू कडाडले.

"न्हाय अण्णा, पुसून ठेवलतो की!"

"खोटं बोलतोस? उद्यापासनं ह्या रानात पाय ठेवायचा न्हाय."

गुंडू निघून गेला. मलाही तोच चोर वाटत होता.

मालुबाई मला विटेच्या भुकटीने घासायला बसल्या आणि थबकल्या. गंज सगळीकडे नव्हताच. नुसते पट्टे होते, एकाशेजारी एक. त्यांनी त्यांवर आपली बोटे टेकवली. बरोब्बर बसली.

"अवो, भावजींनी न्हाय केलं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "ही माझी बोटं हाईत. ओलं कुंकू तसंच ऱ्हायलं."

भावकू तसेच गुंडूच्या दारात गेले, चुकलो म्हणाले. गुंडू कामावर आलाही. पण येताना घरून स्वतःची सुरी घेऊन आला. भावकूंना लई लागले, आणि मलाही.

मित्रांनो, मला जरूर पुजा, पण पुजून झाले की पुसा, तेल लावा. आणि गंज दिसलाच, तर कुणाचे नाव घेण्याआधी तो नीट बघा. माझा गंज विटेच्या भुकटीने निघाला. गुंडू अजून आपल्याच सुरीने कोबी कापतो.