आधी पाय की आधी पोट

पायपीट माझी आणि कौतुक हिचं. आमच्या धंद्याचं सगळं या एका वाक्यात आलं, पण मला एका वाक्यात थांबता येत नाही. बोलणं हाच माझा धंदा आहे.

सकाळी मी पाहुण्यांना घेऊन जुन्या भागातून फिरतो. पाहुणे म्हणजे परगावचे, परमुलखातले, टोप्या घातलेले, गळ्यात कॅमेरे अडकवलेले लोक. पूल, घड्याळाचा मनोरा, दोन भावांची भिंत, रंगाऱ्यांची गल्ली आणि शेवटी भाजीबाजार. बाजारात पिशव्या भरायच्या आणि चढ चढून आमच्या घरी यायचं. घरी ही, म्हणजे माझी बायको, ओटा पुसून, परातीत पीठ काढून तयार असते. ती त्यांना आमच्या भागातला स्वयंपाक शिकवते, त्यांनी केलेलं त्यांनाच जेवायला घालते, आणि जाताना लोक तिच्या गळ्यात पडतात. माझ्याशी हात मिळवतात. तोही पिठाचा हात.

हा धोंडा मीच माझ्या पायावर पाडून घेतला. आधी माझी एकट्याची फेरी होती आणि बरी चालली होती. एकदा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, इथली माणसं घरी काय जेवतात? मला नको तिथे मोठेपणा करायची हौस. म्हटलं, चला घरी, बघा. ही कणकेच्या लाट्या करत बसली होती. बाईंनी बाह्या सरकवल्या, हिने लाटणं त्यांच्या हातात दिलं, आणि तासाभराने त्या दोघी सख्ख्या बहिणी असल्यासारख्या हसत होत्या. हिच्या भावाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, हे कळायचा अवकाश. त्याने लगेच 'फेरी आणि स्वयंपाक' असं एकत्र करून नेटवर टाकलं. बुकिंग तोच बघतो. पोरगा हुशार आहे, पण शेवटी बहिणीचा भाऊ.

लोक काय लिहितात ते तो आम्हाला जेवताना वाचून दाखवतो. ताईंच्या हाताला काय चव आहे, ताईंचं घर सोडवत नव्हतं, ताईंच्या पाऱ्या कागदासारख्या पातळ. आणि शेवटी माझ्या वाट्याला एक ओळ: सकाळची फेरी माहितीपूर्ण होती. माहितीपूर्ण! माहिती तर औषधाच्या बाटलीवरही असते. मी मान खाली घालून जेवत राहतो आणि ही विचारते, आमटी वाढू का. जखमेवर मीठ चोळायचं ते हेच, आणि मिठाचं प्रमाणही अगदी बरोबर.

मी काय हातावर हात धरून बसलो? नाही. रंगाऱ्यांच्या गल्लीत गाणं म्हणायला लागलो. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणला. लाल टोपी घातली. लोकांनी टोपीचे फोटो काढले. बाजारात पोचलो की प्रत्येक भाजीपुढे एकच प्रश्न, ही कशी चिरायची ते ताई दाखवतील ना? अरे, अजून माझी फेरी चालू आहे! अजून तुम्ही माझे आहात! पण नाही, बाजारात पाय पडला की त्यांचं मन चढावरून वर, आमच्या स्वयंपाकघरात. आणि तिथे मला जागा नाही. ओट्याभोवती सहा माणसं उभी राहिली की सातवा मावत नाही. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसून पायांना तेल चोळतो आणि आतलं हसणं ऐकतो. मला जळायला होतं. दुसरा शब्द नाही.

तर मागच्या महिन्यात मेहुणा आला आणि खुर्ची उलटी करून बसला. तो खुर्ची उलटी करून बसला की समजावं, काहीतरी डोक्यात शिजलंय. म्हणाला, भावोजी, लोक उन्हातून दमून येतात, उशीर होतो, स्वयंपाक घाईत उरकतो. आपण उलटं करू. सकाळी स्वयंपाक, मग जेवण, आणि मग फेरी, ज्यांना हवी असेल त्यांना.

"ज्यांना हवी असेल त्यांना म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तसंच," तो म्हणाला. "एका रविवारी करून बघू. लोक आले तर उत्तमच. नाही आले, तर मग फेरीचा आग्रह कशाला धरायचा? तुम्हालाही आराम."

आराम! पोटभर जेवलेला माणूस दुपारी दगडी पूल बघायला निघतो का? हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, भिंतीवरच्या पालीलाही कळलं असतं. माझ्या फेरीचा गळा घोटायचा बेत होता आणि तो सुद्धा गोड बोलून. मी हिच्याकडे बघितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, छे, काहीतरीच काय. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू की करून."

झालं. घरचीच माणसं उलटली की बोलायचं कोणाशी? त्या संध्याकाळी मी कोणाशीच बोललो नाही. ही दोनदा काहीतरी विचारायला आली आणि परत गेली.

रविवार उजाडला. सहा पाहुणे आले. एक उंच शिक्षिका, एक म्हातारं जोडपं, दोघी मैत्रिणी आणि एक टकलू, जो सारखा फोटो काढत होता. आल्या आल्या सगळे ताजेतवाने, आंघोळ करून आलेले, एकाच्याही कपाळावर घाम नाही. माझ्या फेरीत येतात तेव्हा असे कधी दिसतात? हिने त्यांना कणीक मळायला लावली, पाऱ्या लाटायला लावल्या, सारण भरून कडा कशा दुमडायच्या ते दाखवलं. टकलूची पारी फाटली तर हिने त्याला रागावलं, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. घाई नाही, गडबड नाही. खरं सांगतो, इतका देखणा वर्ग हिने कधीच घेतला नव्हता. बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवणं आटोपली. मी बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन दारात उभा. लाल टोपी नव्हती घातली, तेवढी लाज होती. मेहुणा म्हणाला, आता ज्यांना जुना भाग बघायचाय त्यांनी भावोजींबरोबर जावं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग एकमेकांकडे. म्हातारे आजोबा म्हणाले, पाय दुखतात. आजी म्हणाल्या, यांचे पाय दुखतात. मैत्रिणींना खरेदी करायची होती. शिक्षिका बाई म्हणाल्या, इतकं छान जेवल्यावर आता फक्त झोप. टकलू म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. हिच्या गळ्यात पडून, माझ्या बाजूने वाट काढून, एकेक करत सगळे उतरून गेले. मी त्यांना जायला जागा करून दिली. दुसरं करणार काय?

मेहुणा मोबाईलमध्ये बघायला लागला. मी बुटांची नाडी सोडायला वाकलो. माझा चेहरा त्याला दिसू नये एवढंच मला त्या वेळी हवं होतं.

तेवढ्यात ही आतून आली. ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि पायात चपला सरकवल्या.

"चला," म्हणाली.

"कुठे?"

"फेरीला. मी येतेय ना."

दया! म्हणजे आता बायकोची दया घ्यायची. मी म्हटलं, काही गरज नाही, तुझी भांडी पडलीत. ती म्हणाली, भांडी कुठे पळून जात नाहीत. आणि खाली उतरली सुद्धा. रस्त्यात तमाशा नको म्हणून मी मागे गेलो. मागे कसला, चार ढांगांत पुढे. पूल येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ही मागून येत होती, तिची चप्पल फटफट वाजत होती.

पुलावर मात्र राहवलं नाही. सवय वाईट. म्हटलं, हा पूल ज्या गवंड्याने बांधला तो...

"तो स्वतः कधीच यावरून गेला नाही," ही म्हणाली. "कारण पलीकडे त्याची सासुरवाडी होती."

मी थबकलो. सासुरवाडी? सासुरवाडीचं कोणी सांगितलं? त्याने पैज लावली होती म्हणून तो गेला नाही, अशी माझी गोष्ट आहे. मनोऱ्यापाशीही तेच. माझ्या गोष्टीत घड्याळजी काटे उलटे बसवतो आणि त्याची नोकरी जाते. हिच्या गोष्टीत तो मुद्दाम उलटे बसवतो, कारण त्याची बायको रोज उशिरा येते म्हणून गाव तिला नावं ठेवत असतं. माझ्यापेक्षा बरी होती की हो तिची गोष्ट. मला अजूनच राग आला. मी विचारलं, हे सगळं तू आणलंस कुठून? ही पुढे चालू लागली.

दोन भावांच्या भिंतीपाशी आलो. एका घराचे दोन भाग करताना भावांनी भिंत अशी घातली की मधली एकच खिडकी अर्धी अर्धी वाटली गेली. इथे मी हात पसरून दाखवतो, एक हात मोठ्या भावाचा, एक धाकट्याचा. हिने माझ्या आधीच हात पसरले. अगदी तसेच. डावा थोडा वर, मान किंचित तिरपी. मी स्वतःलाच बघत होतो.

"हे तू कुठे बघितलंस? तू तर कधी आलीच नाहीस."

"कशी येणार? तुम्ही फिरता तेव्हा मी ओट्यापाशी. माझं आवरतं तेव्हा तुम्ही स्टुलावर." तिने हात खाली घेतले. "लोक सांगतात. कांदा चिरताना, कणीक मळताना, तुमच्याबद्दलच बोलत असतात. ते असे हसले, त्यांनी असा हात केला, त्यांनी गाणं म्हटलं. कोणी अर्धं सांगतं, कोणी भलतंच सांगतं. मी जोडून घेते."

"मग ते हसणं..."

"तुमच्या गोष्टींवरचं. आणखी कशावर हसायचं, कणकेवर?"

मला आधी आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं ते भलतंच. म्हणजे तिथेही त्या गोष्टी हिनेच ऐकल्या, हिच्यापाशीच लोक मोकळे झाले. मी तसं काहीतरी बोललोही. तेव्हा ही माझ्याकडे वळली आणि मी तिला इतकं चिडलेलं फार दिवसांनी बघितलं.

"हेवा तुम्हाला वाटतो? माझं काय होत असेल? सकाळभर तुम्ही त्यांच्याशी बोलता. दुपारी ती परकी माणसं येऊन मला माझा नवरा कसा आहे ते सांगतात. किती गमतीदार आहेत म्हणतात. आणि संध्याकाळी तो नवरा मला विचारतो, मीठ कुठेय. गाणं म्हणता म्हणे तुम्ही. मी ऐकलंय का कधी? वेळ उलटी करू म्हटल्यावर मी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. दुपारी मला यायला मिळेल म्हणून. तुमची फेरी बंद पडेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

गल्लीत एक माणूस सायकल धुवत होता, त्याने पाणी बंद केलं आणि आमच्याकडे बघत बसला. मी त्याच्याकडे पाठ केली. म्हणायला काही सुचेना. मला, आणि सुचेना! शेवटी रंगाऱ्यांच्या गल्लीत जाऊन मी ते गाणं म्हटलं. स्पीकरशिवाय. दोनदा बेसूर झालो. ही भिंतीला टेकून ऐकत होती आणि डोळे पुसत होती, आणि इथे कांदा वगैरे काही नव्हता.

घरी आलो तर मेहुणा वाट बघत होता. म्हणाला, मग काय भावोजी, फेरी काढून टाकू ना? एकही जण आला नाही. हिने त्याला सांगितलं की पुढच्या रविवारी असंच ठेव, आधी स्वयंपाक, मग फेरी. बहिणीपुढे त्याचं काही चालत नाही.

पुढच्या रविवारी जेवणं झाली. मी दारात उभा राहिलो, आणि गंमत बघा, या वेळी एक चष्मेवाल्या बाई पर्स सावरत माझ्यापाशी आल्या. मागोमाग त्यांचे यजमानही. आम्हाला तुमची फेरी करायचीय, म्हणाल्या, तुमच्या पत्नी तुमच्याबद्दल इतकं सांगत होत्या. मेहुण्याचा चेहरा फुलला. त्याने मला डोळ्यांनीच खुणावलं, घ्या, मिळाले तुम्हाला लोक.

ही आतल्या दारात होती. एक चप्पल पायात, एक हातात. तिने बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हातातली चप्पल खाली ठेवून पायातली काढायला लागली. भांडी आहेतच, म्हणाली, या तुम्ही जाऊन. आवाज अगदी साधा.

मी त्या बाईंना म्हटलं, माफ करा, आजची फेरी भरलीय.

"भरलीय?" मेहुणा ओरडला. "भावोजी, कोणी भरलीय?"

मी हिची चप्पल उचलली आणि तिच्या पायापाशी सरळ करून ठेवली.