रजेचं कारण

आमच्या फरशांच्या कारखान्यात माझ्या सासऱ्यांना सगळे दोरीमामा म्हणत. कामगारांच्या कागदपत्रांची खोली त्यांच्या ताब्यात होती आणि त्यांनी मारलेली गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नसे. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्याच खोलीत मी लागले. कामगार मला मॅडम म्हणत नाहीत, सूनबाई म्हणतात.

गेल्या वर्षी त्या खोलीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली. कागद कशाचा आहे हे ती वाचून ओळखते, ज्याच्या त्याच्या नावावर लावते, विचारलं की शोधून देते. पण काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, हे नियम माणसानं घालून द्यावे लागतात. ते मी घातले. सेवेची नोंद कायम, तब्येतीचे अहवाल कायम. रजेच्या अर्जाचं फक्त वरचं पान वाचायचं, तारीख आणि कारण नोंदवायचं, आणि जुने गठ्ठे टाचलेल्या कागदांसकट कातरायला द्यायचे.

हा शेवटचा नियम घालण्याआधी मी घरी विचारलं होतं.

"बाबा, रजेच्या गठ्ठ्यांत आणखी काही असायचं का?"

"रजेचे अर्ज," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "दुसरं काय असणार?"

दळणवाले काका त्यांचे जुने मित्र. दगड दळून भुकटी करायच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. आता दोन वाक्यं बोलली की त्यांना थांबावं लागतं. कारखान्यानं त्यांना घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं होतं, पण तात्पुरतं. आजार कामावरच्या धुळीमुळेच झाला असं डॉक्टरांच्या समितीनं मानलं, तर यंत्र कायम त्यांच्याकडे राहणार. नाहीतर परत. समितीनं माझ्याकडे त्यांच्या कागदपत्रांचा सारांश मागितला. मी यंत्रणेला विचारलं आणि पडद्यावर उत्तर आलं:

'सेवाकाळात श्वसनाच्या तक्रारीची नोंद नाही. छातीच्या तपासणीचा एकही अहवाल उपलब्ध नाही. वारंवार घेतलेल्या रजांचं प्रमुख कारण: नातेवाइकांची लग्नं.'

मी ते रजांच्या यादीसकट छापून संध्याकाळी काकांकडे गेले. पलंगाशेजारी यंत्र घरघरत होतं. काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या.

"सख्ख्या बहिणीचं लग्न, चार वेळा," मी वाचलं.

"चार?" काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला बहीण कुठली?"

काका हसायला लागले आणि मग खोकल्यानं वाकले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. नाकातली नळी नीट करत ते म्हणाले, "मामाला विचार, सूनबाई. अक्षर त्याचंच असेल. आमच्या विभागात प्रत्येकाच्या घरी... भरपूर वऱ्हाड."

घरी गेल्यावर मी तो कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की फोरमन माणूस कामावरून कमी करायचा," ते म्हणाले. "दवाखान्यातून अहवालाची एकच प्रत यायची, ती माझ्या हातात. ही माणसं येऊन पाया पडायची. मग मी अहवाल फायलीत लावायचोच नाही. खोकल्यानं घरी बसला की लग्नाचा अर्ज मीच लिहायचो, आणि अहवाल त्याच्यामागे टाचून ठेवायचो. फोरमन रजेचे गठ्ठे कशाला उघडतोय!"

"फाडून का नाही टाकले?"

"कागद फाडायचा नसतो. मी फक्त जागा बदलली." त्यांनी वर पाहिलं. "गठ्ठे आहेत ना?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना समजलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा."

"विचारलं होतंस गं." बराच वेळ ते कागदाची घडी घालत राहिले. "कुणीही विचारलं की तेच तोंडात यायचं. रजेचे अर्ज. तू विचारते आहेस, हे लक्षातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं समितीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयानं माझ्याएवढे, बोलायला सरळ. त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. आजार आहे हे मला दिसतंय. कधी लागला ते दिसत नाही. निवृत्तीनंतर तुमचे मित्र सिमेंटच्या दुकानात होते."

"आधीपासूनच होता! माझ्या हातानं अहवाल टाचलेत मी."

"आणि माझ्यासमोर जे आहे, तेही तुमच्याच हातचं आहे. तिथं लग्न लिहिलंय. खोटं तुम्हीच लिहिलंत म्हणता. मग आज खरं सांगताय, हे मी समितीला कशाच्या आधारावर पटवू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हरवलेला कागद मी शोधून देईन, असं त्यांना वाटत असावं. मी डॉक्टरांना विचारलं, कातरलेल्या गठ्ठ्यांची तारीख, वजन, आमचा नियम, हे सगळं लिहून दिलं तर?

"त्यानं कागद नष्ट झाले एवढंच सिद्ध होईल," ते म्हणाले. "त्यांत काय होतं, ते नाही."

बरोबरच होतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ते तुझं यंत्र हुशार आहे ना? त्याला सांग, सगळ्या विभागाची लग्नं मोज म्हणावं. एवढी लग्नं गावात तरी लागतात का?"

मी मोजून घेतलं. दळण विभागात लग्नांच्या रजा इतर कुठल्याही विभागाच्या कितीतरी पट निघाल्या. आलेख काढून मी समितीला पाठवला. उत्तर सभ्य होतं: विभागाची आकडेवारी एका माणसाच्या आजाराचा पुरावा ठरत नाही. आणि खाली एक ओळ जास्तीची. खोट्या कारणांवर रजा घेणारे जे कामगार अजून नोकरीत आहेत, त्यांची यादी द्यावी.

बाबांना मी ही ओळ दाखवली नाही. यादी अजून मी दिलेली नाही. किती दिवस देणार नाही, मला माहीत नाही.

ऑक्सिजनचं यंत्र परत आणायचा आदेश माझ्याच टेबलावर तयार होऊन आला. नाव, पत्ता, सगळं बिनचूक. पाठवण्याआधी घरी कळवायचं असतं, म्हणून मी फोन केला. काकूंनी उचलला.

"सकाळी नका पाठवू हं माणसं," त्या म्हणाल्या. "सकाळी त्यांना जरा डोळा लागतो."

"दुपारी पाठवते, काकू."

"चालेल. आणि मामांना सांग, मनाला लावून घेऊ नका म्हणावं. तेव्हा त्यांनी लिहिलं नसतं, तर मुलं शिकली नसती आमची."

मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी आदेशात वेळ बदलून दुपारची केली. तेवढंच बदलता येत होतं.