माझ्या जागेसाठी तीन स्थळे

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसणार. मोटारीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध, भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो ना, तो मी. मी एक जुना डिफरन्शियल आहे. सध्या सौदी अरेबियातल्या राबिघ गावी, सनाइयात म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, तौकीर मिस्त्रीच्या कोपऱ्यात पडून असतो. जन्मभर जग खालूनच पाहिले. डांबर, टायर आणि फार तर सावलीला आलेले एखादे मांजर. म्हणूनच वर काय चालले आहे हे जाणून घ्यायची मला भारी हौस.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. दोन दारांच्या, दांडग्या इंजिनाच्या गाडीला मला बसवले. लोक इंजिनाच्या आवाजाचे कौतुक करत, माझे कोण करणार? पण कसब माझे होते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांब जावे लागते आणि आतल्याला जवळ. लेझीमची रांग वळताना कडेची मुले पळत सुटतात आणि आतली जागच्या जागी पावले टाकतात, तसेच हे. मी दोन्ही चाकांना ज्याच्या त्याच्या चालीने जाऊ देत असे. त्यात मला फार सुख होते.

पुढे गाडी जहाजातून इकडे आली आणि उमैर नावाच्या सौदी तरुणाने ती घेतली. त्याला दोन्ही टायरमधून धूर काढायचा होता. त्याने माझे पोट उघडले आणि आतले छोटे दातेरी गोळे वेल्डिंगने एकमेकांना चिकटवून टाकले. झाले! दोन्ही चाके एकाच चालीने फिरू लागली. सरळ रस्त्यावर धूर, शिट्ट्या, टाळ्या. वळण आले की मात्र आतले चाक फरफटे, टायर किंचाळे आणि माझ्या पोटात कळ उठे.

उमैरचे लग्न झाले आणि त्याने गाडी हरिहरांना विकली. हरिहर मूळचे नाशिकचे, इथल्या रिफायनरीत इंजिनीअर. घरी पत्नी मधुमती आणि मुलगी नूपुर. नूपुरला नुकतेच लायसन्स मिळाले होते आणि महिन्याभराने ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती. जाण्याआधी ताइफच्या वाटेवरचा हदाचा घाट तिने स्वतः ही गाडी चालवत चढायचा, असा बाबांचा शब्द होता. पण सरावाला कॉलनीतल्या पहिल्याच वळणावर गाडी वळायची सोडून सरळ निघाली आणि चाक फुटपाथला घासले.

"ही गाडी तुला झेपायची नाही," हरिहर म्हणाले. "घाटात मीच चालवतो. तू शेजारी बस."

"बट यू प्रॉमिस्ड, बाबा," ती म्हणाली. मला ओरडून सांगावेसे वाटले, की अगं, चूक तुझी नाही! पण लोखंडाला तोंड कुठले? दुसऱ्या दिवशी माझा एक दात कडाडकन तुटला आणि आमची वरात तौकीरकडे आली.

तौकीरने जुन्या गाड्यांच्या तश्लीहमधून, म्हणजे मोडीच्या बाजारातून, तीन डिफरन्शियल आणून माझ्यासमोर मांडले. माझ्याच जागी कोण येणार हे मलाच पाहायला मिळणार होते. अशी मौज किती जणांच्या वाट्याला येते?

पहिला लाल रंगाचा, शर्यतीच्या गाडीतला. त्याच्या पोटात कुलूप होते, म्हणजे दोन्ही चाके कायमची एकत्र फिरवणारा. ऐट तर अशी की विचारू नका. दुसरा गंजलेला आणि त्याचा आडवा दांडा चार बोटे जास्त लांब, त्याची चाके पत्र्याला घासली असती. तिसरा काळसर, गप्प, मापाने माझ्याएवढाच आणि पोटात कुलूप नसलेला. मुलांना शाळेत पोहोचवणाऱ्या एका लांबोड्या गाडीखाली त्याने उमर काढली होती.

हरिहरांनी टेप लावून मापे घेतली. माझ्या एका बाजूचे चाक हाताने फिरवले, तर दुसरेही त्याच दिशेने फिरले. "म्हणजे हा लॉक्ड होता. मग लॉक्डच आणायचा. खलास, हा लाल फायनल."

त्यात त्यांचे फार चुकले असेही नाही. रिफायनरीत जो व्हॉल्व्ह निघतो, हुबेहूब तसाच परत बसवायचा, हा नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. आणि तौकीरला वाटले, साहेबांना सगळे ठाऊकच आहे. "जो बोलोगे लगा देंगे, साब," तो म्हणाला. माझा तर जीव टांगणीला लागला. तोच लाल आला तर वळणे तशीच किंचाळणार आणि पोर शेजारीच बसणार.

मधुमती इतका वेळ स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, हे स्थळ बघायलाच आलोय ना आपण? मग नुसती उंची-जाडी काय मोजताय? कुठल्या घरातला, तिथे कसा नांदला, काही विचाराल की नाही?"

"अगं, हे लोखंड आहे."

"असू दे. आणि नवीन शोधण्याआधी जुन्याचं काय बिनसलं ते तरी विचारा. उमैरला फोन लावा."

हरिहर हसले, पण फोन लावला. उमैर पलीकडून खो खो हसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "सदीक, मेरे दोस्त, वो कंपनी का लॉक नहीं! मैंने वेल्डिंग करवाया था. तब शादी नहीं हुआ था ना!"

नूपुरने चिंधी घेऊन माझ्या पोटातले काळे तेल पुसले. खाली वेल्डिंगचे ओघळ दिसले. तिने त्यांवरून बोट फिरवले. "म्हणजे गाडीच वळत नव्हती," ती हळूच म्हणाली. "आय वॉज नॉट बॅड."

लाल डिफरन्शियलकडे एकदा हौसेने पाहून हरिहरांनी काळसर गोळ्यावर हात ठेवला. "तौकीरभाई, ये लगाओ."

परवा हरिहर एकटेच तेल बदलायला आले. नूपुर पुण्याला गेली होती. गाडी वर उचलली तशी मी नव्याला अधीरपणे विचारले, "घाट कुणी चढवला?"

"पोरीने," तो म्हणाला. "पहिल्या वळणांना बाप 'हळू, हळू' करत होता. मग आवाज बंद. मला वाटले रुसला. नीट कान दिला, तर घोरत होता!"

मित्रांनो, उद्या मला मोडीत नेणार आहेत. मला त्याचे दुःख नाही, वितळून पुढे काय होईन याचीच उत्सुकता आहे. तुमची वस्तू बिघडली तर टाकण्याआधी तिच्यावर काय गुदरले ते विचारा. आणि वळण आले की ज्या चाकाला लांब जायचे आहे, त्याला जाऊ द्या. बांधून ठेवलेत तर दोन्ही झिजतात. हे मी पोटात सोसून सांगतो आहे.