विचारलं नाही

"पुढे ऐका," मॅनेजर म्हणाला आणि त्याने कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला. "मंगळवारी सकाळी आठ वाजता, कुठे निघालात? मंगळवारी संध्याकाळी, जेवलात का? बुधवारी, आज उशीर झाला? गुरुवारी, वाळलात. आता हे 'वाळलात' खरंच म्हणालात तुम्ही, मावशी?"

"वाळल्याच होत्या. तोंड एवढंसं झालं होतं."

"अहो, पण ते म्हणायचं कशाला?"

"मग कोण म्हणणार? त्यांची आई आहे का इथे?"

मॅनेजरने कागद टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. पण कागद नऊ नंबरच्या परदेशी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, नव्याने शिकलेल्या मराठीत, शाळकरी मुलीसारख्या ठळक, सुट्या अक्षरांत, आणि तो मालकांकडून फिरून आला होता. शेवटच्या ओळी त्याने वाचल्या नाहीत. मावशींनी त्या उलट्या बाजूने वाचून घेतल्या. 'मी लहान मूल नाही. मी कैदी नाही. या बाईंना माझ्यावर नजर ठेवायला कोणी सांगितले आहे?'

"मी समजावलं हो त्यांना," मॅनेजर म्हणाला. "म्हटलं, हे आपलं विचारायचं म्हणून विचारतात. त्यावर 'इथेच, आलेच' म्हणायचं आणि चालू लागायचं, संपलं. तर मला म्हणतात, पण मी कारखान्यात जाते, तो इथे नाही, आठ किलोमीटरवर आहे. मी खोटं का बोलू?" तो हसला. मावशी हसल्या नाहीत, तेव्हा त्यानेही हसू आवरलं. "त्यांच्या बाटल्यांच्या कंपनीनं आपल्या तीन खोल्या घेतल्यात, मावशी. पुन्हा तक्रार आली तर दारावर दुसरं माणूस ठेवा, असं मालकांनी सांगितलंय. मग तुमची ती जिन्याखालची खोलीही..."

त्याने कागदाची घडी घातली.

"सकाळी गुड मॉर्निंग म्हणा, संध्याकाळी गुड ईव्हनिंग. मधे काही नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

चार मजल्यांची ती भाड्याच्या खोल्यांची इमारत. दारातून आत आलं की उजव्या हाताला मावशींचं स्टूल, छोटं टेबल आणि मागे भिंतीवर किल्ल्यांची फळी. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा गोल बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. बाहेर जाणारा किल्ली मावशींच्या हातात देई आणि मावशी ती आकडा भिंतीकडे करून टांगत. आकडा भिंतीकडे म्हणजे माणूस बाहेर गेलंय, यायचंय. आकडा बाहेर म्हणजे खोली रिकामी, भाड्याने द्यायची. ही रीत त्यांची स्वतःची, कोणी शिकवलेली नाही. किल्ली हातात घेता घेता त्या विचारत, "कुठे निघालात?" माणूस "जरा इथेच" म्हणे आणि जाई. कोणी खरं सांगे, कोणी थाप मारी. मावशींना दोन्ही चालत.

फळीच्या अगदी शेवटच्या खिळ्यावर एक किल्ली होती, तिचा आकडा एकोणीस वर्षं भिंतीकडेच होता. ती जिन्याखालच्या खोलीची, मावशींच्या नवऱ्याची.

तो या इमारतीचे नळ आणि पाण्याची मोटर बघत असे. सगळ्यांचे नळ दुरुस्त करायचा, घरचा मात्र तीन दिवस गळत होता. त्यावरून त्या सकाळी शब्दाला शब्द वाढला. मावशी रागारागाने जिना धूत होत्या. त्याने आपली किल्ली आपणच फळीवर लावली आणि तो त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. ओल्या फरशीवर त्याच्या चपला त्यांना दिसल्या. थोडा वेळ त्या चपला तिथेच होत्या. मावशींनी मान वर केली नाही. मग चपला गेल्या, त्या गेल्याच.

चौकीतल्या हवालदाराने विचारलं होतं, "कुठे जातो म्हणाला?"

"विचारलं नाही."

हवालदाराने तसंच लिहिलं आणि सही घेण्याआधी रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. 'पत्नीने विचारले नाही.'

तेव्हापासून या दारातून एकही माणूस न विचारता गेलेलं नव्हतं.

खोलीत नणंद शिवणाच्या यंत्रावर बसली होती. भावामागे ती भावजयीकडे राहायला आली ती कायमचीच. जीभ कात्रीसारखी, पण हात कामाला वाघ. मावशींनी कागदाचं सांगितलं, तसं तिने चाक थांबवलं.

"नजर ठेवते म्हणाली? तुझ्यावर नजर ठेवायला माणूस लागतं, वहिनी. चहात मीठ घालतेस तू."

"एकदाच घातलं होतं, वन्सं."

"बरं झालं, एका परीनं. सुटलीस. एकोणीस वर्षं तेच तेच विचारतेस, माझे कान किटले. आणि मी सांगते तुला, तेव्हा विचारलं असतंस तरी काय सांगणार होता तो? 'इथेच. आलोच.' सगळे पुरुष हेच सांगतात."

मावशी दोरे गुंडाळत होत्या. "तेवढं तरी राहिलं असतं माझ्याजवळ," त्या म्हणाल्या.

नणंदेने चाक पुन्हा फिरवलं, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी व्रत घेतल्यासारखं तोंड मिटलं. एकाला विचारायचं आणि एकीला नाही, हे काही बरं दिसलं नसतं, म्हणून कोणालाच नाही. सकाळी गुड मॉर्निंग, संध्याकाळी गुड ईव्हनिंग. चार नंबरचे आजोबा, घड्याळं दुरुस्त करणारे, पहिल्या दिवशी पायरीवरून परत आले.

"काय गं, आज माझं काही चुकलं का?"

"नाही हो, आजोबा. गुड मॉर्निंग."

"डोंबल तुझं मॉर्निंग! मी डॉक्टरकडे निघालोय, तू विचारशील म्हणून जिन्यात उत्तर तयार करून आलो."

आठवड्याभरात लोकांना सवय झाली. किल्ल्या हातात यायच्या, माणसं जायची. मावशींना मात्र दिवस संपता संपता घसा दुखून येई, जणू दिवसभर ओरडल्या होत्या. नऊ नंबरच्या बाई पहिल्यांदा सुटल्यासारख्या दिसल्या. मान ताठ, बूट टकटक, बरोबर आठला बाहेर, सहाला आत. पन्नाशीच्या होत्या, कारखान्यात यंत्रं तपासायला दोन वर्षांच्या करारावर आलेल्या. मग त्यांचे सहाचे कधी सात होऊ लागले. गळ्याभोवती कपडे सैल दिसू लागले. मावशी बघत. 'वाळलात' हा शब्द दातांपर्यंत येई आणि परत जाई.

एका बुधवारी त्या आठला खाली आल्याच नाहीत. आल्या त्या सव्वादहाला. कारखान्याची पिशवी नव्हती, बगलेत मोठं बदामी पाकीट होतं. अंगातल्या जाकिटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. किल्ली त्यांनी हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मावशींनी मान खाली घातली. फरशीवर त्यांचे बूट दिसत होते. टकटक करणारे ते बूट आज हलत नव्हते. विचारावं? पण कागद होता, मालक होते, यंत्रावर बसलेली म्हातारी नणंद होती आणि जिन्याखालची ती एवढीशी खोली होती.

"गुड मॉर्निंग," मावशी म्हणाल्या.

बूट थोडा वेळ तसेच राहिले. मग गेले.

संध्याकाळचे सहा झाले, सात झाले. फळीवर नऊ नंबरचा बिल्ला भिंतीकडे तोंड करून होता. साडेसातला मॅनेजर आपल्या खोलीतून फोन अर्धवट टाकून धावत आला.

"मावशी, नऊ नंबर कुठे गेल्यात? आज कारखान्यात गेल्याच नाहीत म्हणे. फोनही लागत नाहीये."

मावशी उठून उभ्या राहिल्या.

"अहो, बोला ना! तुम्हाला माहीत नाही असं होईल का? आजोबांची कवळी कुठल्या पेल्यात असते हेसुद्धा तुम्हाला ठाऊक असतं!"

"विचारलं नाही," मावशी म्हणाल्या.

आत शिवणाचं यंत्र थांबलं.

मॅनेजरने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. नणंद दारात आली. तिने नेहमीसारखा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने भावजयीच्या दंडाला धरून तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली, गुडघे दुखत असूनही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. चालतच आल्या, हळू. बाही वर सारलेली, कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला. वर जायच्या ऐवजी त्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या. मावशी टेबलामागून पुढे आल्या.

"दवाखान्यात ठेवून घेतलं," बाई म्हणाल्या. एकेक शब्द तपासून बोलत होत्या, यंत्र तपासावं तसं. "तिथे विचारलं, तुम्ही इथे आहात हे घरी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, कोणाला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, कोणालाच नाही? मग मला राग आला."

"त्यांचा?" मावशींनी अगदी हळू म्हटलं.

"तुमचा. मी किल्ली ठेवली. मी उभी राहिले. तुम्ही विचारलं का नाही?"

मावशींच्या जिभेच्या टोकावर तो सगळा कागद आला, मंगळवार ते गुरुवार, 'कैदी'पासून 'नजर'पर्यंत. एकेक ओळ त्या तोंडपाठ म्हणून दाखवू शकल्या असत्या. पण समोर चुकीच्या घरात लावलेली तीच बटणं होती, कालची. त्यांनी वाकून ती काढली आणि नीट लावली. बाईंनी लावू दिली.

तेवढ्यात नणंद हातात ताट घेऊन बाहेर आली. "जेवलीस का गं?" तिने खणखणीत विचारलं, आणि मावशींनी डोळे मोठे केले तशी म्हणाली, "माझ्यावर कोणी कागद लिहिलेला नाही. मी काय वाट्टेल ते विचारीन."

"नाही," बाई म्हणाल्या. "जेवले नाही." आणि ताट मांडीवर घेऊन खाली मान घालून त्या जेवल्या, भात संपेपर्यंत.

आजार पोटातला होता. इथे कापाकापी करायची नाही, आपल्या मुलखात जाऊन करायची, असं कंपनीने ठरवलं. निघायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांतही मावशींनी काही विचारलं नाही. मालकांचा हुकूम कोणी मागे घेतला नव्हता आणि घेतलेलं व्रत आपल्या मनाने मोडायची त्यांना सवय नव्हती. आजोबांनी मात्र कुठून तरी ऐकून मावशींना सांगितलं, दोनपैकी एक जगतं म्हणतात यातून. मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या. कसला, ते नणंदेने विचारलं नाही.

निघायच्या सकाळी दारात टॅक्सी उभी राहिली. मॅनेजरने दोन्ही बॅगा स्वतः खाली आणल्या. आजोबा पायरीवर येऊन थांबले. बाईंनी आठ महिन्यांची ती खोली बंद केली, खाली आल्या आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. टेबलावर नाही, हातात. आणि उभ्या राहिल्या.

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत.

मावशींनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर चटकन वाकला आणि आधीच आवळलेला बॅगेचा पट्टा पुन्हा आवळू लागला, दाराकडे पाठ करून.

मावशींनी मान वर केली. या खेपेला बूट नाही, चेहरा पाहिला. पांढरा पडलेला, एवढासा झालेला, पण वाट बघणारा.

"कुठे निघालात?" आवाज इतका घोगरा निघाला की आजोबांना वाटलं, भलतंच कोणी बोललं.

"इथेच," बाई म्हणाल्या. शब्द चुकू नये म्हणून त्या क्षणभर थांबल्या. "आलेच."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. मग आजोबा नाक शिंकरत वर गेले.

मॅनेजरने मावशींच्या हातातली किल्ली घेतली, नऊच्या खिळ्याला लावली आणि आकडा बाहेर केला. "परवा एक माणूस खोली बघायला येतोय," तो म्हणाला. आपण काहीतरी वाईट केल्यासारखा त्याचा आवाज पडला होता.

"येऊ दे की."

तो आत गेला. मावशींनी फडकं ओलं केलं आणि रोजच्यासारखी फळी पुसायला घेतली, वरच्या रांगेपासून. नऊ नंबरपाशी आल्या तेव्हा बिल्ला हलकेच फिरवून आकडा भिंतीकडे केला. मग त्या शेवटच्या खिळ्यापाशी गेल्या, तिथली धूळ पुसली, आणि ती किल्ली हलायची थांबेपर्यंत तिच्याखाली तळहात धरून उभ्या राहिल्या.